पोलिसांनी धरलाय म्हणजे...

"पोलिसांनी धरलाय म्हणजे काहीतरी केलंच असणार."

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकले असेल त्याची मोजदाद नाही. शिरवळच्या एस. टी. स्टँडवर ऐकले, शाळेत शिक्षकांच्या खोलीत ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले. म्हणणारी माणसे वाईट नसतात. कष्टाने संसार केलेली, चोरीमारीला भिणारी साधी माणसे असतात. एरवी पोलिसांवर त्यांचा काडीचा विश्वास नसतो. हायवेला गाडी अडवली की हीच मंडळी पोलिसांच्या नावाने बोटे मोडतात. पण बेड्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडल्या की त्याच पोलिसांचा शब्द त्यांना वेदवाक्य वाटतो. ही गंमत मला कधी उलगडली नाही.

आज हे लिहायला कारण आमचेच नातेवाईक. मागे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका खुनाच्या बातमीवरून चर्चा झाली. बातमी येऊन चार तास झाले नव्हते, तेवढ्यात आमच्या मंडळींनी खटला चालवला, निकाल दिला आणि फाशीही सुनावली! "खटला कशाला चालवायचा, भर चौकात लटकवा," असे आमच्या मेहुण्यांनी लिहिले. मेहुणे हे वाचतात, म्हणून मुद्दाम नाव घेत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही गप्प का?" गप्प होतो, कारण मला सांगायचे होते ते तीन ओळींत मावणारे नव्हते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

तर ऐका.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत झोपडी बांधून एक कष्टकरी कुटुंब राहत होते. रात्री दरोडेखोर शिरले. लुटालूट केली, घरातली पाच माणसे मारली. मेलेल्यांत पंधरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर आणि तिच्या आईवर अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. याहून जास्त मी लिहीत नाही, तुम्हीही कल्पना करू नका. इतकेच सांगतो की असे वाचल्यावर ज्याचे रक्त तापणार नाही तो माणूसच नव्हे. मेहुण्यांचा संताप मला समजतो तो इथे.

पोलिसांनी पुढे सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ३० एप्रिल २००९ रोजी निकाल लागला. जन्मठेप झालेल्या तिघांचीही शिक्षा वाढवली आणि सहाही जणांना पुन्हा फाशी झाली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने आहे.

म्हणजे बघा, तीन पायऱ्या झाल्या. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. तिन्ही ठिकाणी ते दोषी ठरले. यापुढे सामान्य माणसाने शंका घ्यायला जागा तरी कुठे उरली? त्या वेळी कुणी मला विचारले असते, तर "आता काय राहिलं?" असेच कुणीही म्हणेल.

पण राहिले होते. फाशीच्या शिक्षेवर पुनर्विचार याचिका केली तर ती पूर्वी न्यायाधीश आपल्या दालनात कागद वाचून निकालात काढत. वकिलाला उभे राहून बोलायची संधी नसे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेच ठरवले की जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा अशी याचिका खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे. त्या दारातून हा खटला परत आत आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकायचे ठरवले. ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले.

का सोडले? हे नीट वाचा, कारण सगळे इथेच आहे.

घटनेनंतर लगेचच, ती वाचलेली आई उपचार घेत असताना, तिला पोलिसांच्या दप्तरातल्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. दंडाधिकाऱ्यासमोर तिने त्यातले चार जण ओळखले. हेच ते, म्हणून सांगितले. त्या चार जणांत या सहांपैकी एकही नव्हता! आणि त्या चौघांना पोलिसांनी पकडले नाही, त्यांच्याबाबत धड तपासही केला नाही. नंतर हे सहा जण आणले, ओळख परेड झाली, आणि पुढे न्यायालयात त्यांना ओळखले गेले. पहिल्या फोटोंचा कागद मात्र पोलिसांच्याच दप्तरात होता. आकाशातून नवा पुरावा पडला नाही. पहिल्या दिवसापासून तो तिथेच होता. त्याचा अर्थ लावायला सोळा वर्षे लागली.

न्यायालयाने तपासावर आणि सरकारी पक्षावर कडक ताशेरे ओढले. हे लोक भटक्या जमातीतले अतिशय गरीब मजूर आहेत, गंभीर गुन्ह्यांत कधी कधी निरपराध माणसे गोवली जातात, आणि इथे तसे झाले नसेलच असे म्हणता येत नाही, अशा आशयाचे लिहिले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितले आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई पाहायला सांगितली. या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले होते. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही, असा मुलगा फाशीच्या यादीत बसला होता.

मी जुना मास्तर, गुणाकार-भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. २००३ च्या उन्हाळ्यापासून २०१९ च्या मार्चपर्यंत पावणेसोळा वर्षे धरली, तर पाच लाखांचे दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीवरही याहून जास्त मिळतात. आणि त्या दिवसांतले कित्येक दिवस 'आज बोलावणं येतं का' या भीतीत गेलेले.

आता कुणी म्हणेल, त्या बाईने खोटे सांगितले का? मला तसे मुळीच वाटत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मारामारी झाली की मी दोन मुलांना वेगवेगळे विचारत असे. लगेच विचारले तर एक सांगत, तासाभराने विचारले तर दुसरे. मधल्या तासात सगळ्या वर्गाने आपापसात बोलून एक गोष्ट तयार केलेली असे. मुले खोटारडी नव्हती. आठवणीत भर पडली होती. तिथे तर एका बाईने डोळ्यांदेखत आपले घर संपलेले पाहिले होते. तिच्यासमोर पोलिसांनी, सरकारने, सगळ्या गावाने "हेच ते" म्हणून माणसे उभी केली. तिने काय करायचे होते? सर्वांत ताजी आठवण होती तेव्हा तिने जे सांगितले, ते ऐकून घेणे आणि तपासणे हे तिचे काम नव्हते. ज्यांचे होते त्यांनी केले नाही. आणि म्हणून तिलाही न्याय मिळाला नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. सहा जण सुटले म्हणजे तिचे गुन्हेगार सोळा वर्षे मोकळे फिरले. चुकीचा माणूस धरला की दोन घरे बुडतात आणि खरा गुन्हेगार तेवढा तरतो.

मग हेच सहा जण का? याचे उत्तर २००३ मध्ये नाही, त्याच्या शंभर वर्षे मागे आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्या मुलखालाही लागू झाला. एखाद्या जमातीत जन्माला आला म्हणजे गुन्हेगार, असे सरकारी कागदानेच ठरवले. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, काहींनी तर तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत राहायचे. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ही मंडळी त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कायदा गेला, तरी १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि दप्तरातली नजर तशीच राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तकांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला. विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारी कलमेही त्यात होती. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

आमच्या सातारा जिल्ह्याला हे परके नाही. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण मान्यांनी 'उपरा' लिहिले, पुढे लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण ती वाचली, हळहळलो, मुलांना वाचायला सांगितली. पण गावाबाहेर माळावर चार पाले पडली की त्याच रात्री "विहिरीवरच्या मोटारी सांभाळा रे" हा निरोप गावात फिरतो. पुस्तक कपाटात राहते, निरोप मात्र घरोघर पोचतो.

आता याची दुसरी बाजू बघा. शिरवळहून निघून खंबाटकी ओलांडला की वाई. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईत 'डॉक्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाला अटक झाली. आरोप असा की २००३ ते २०१६ या तेरा वर्षांत त्याने सहा माणसे मारली. धोमच्या त्याच्या जागेतून पुरलेले मृतदेह काढले. त्याने ते केले की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम, माझे नाही. आज जो नियम मी त्या सहांना लावतो तोच त्यालाही लावला पाहिजे, नाहीतर हे सगळे लिहिण्याला अर्थ नाही. पण एक गोष्ट अटकेशिवायही खरी आहे. माणसे एकामागून एक बेपत्ता होत होती, घरचे लोक सांगत होते, आणि वर्षानुवर्षे तपासाचे चाक हलले नाही. २००३ सालीच नाशिकला सहा मजूर आत गेले, आणि त्याच साली वाईला पहिली बाई बेपत्ता झाली. माळावरच्या पालाकडे बोट जायला एक दिवस पुरतो. पाटी लावलेल्या, चांगल्या कपड्यांतल्या माणसाकडे नुसते बघायलासुद्धा वर्षे लागतात. पोलीसही आपल्यातूनच जातात, तेव्हा हा दोष एकट्या खात्याचा नाही. आपली नजर जिथे जाते तिथेच त्यांची काठी जाते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. नोकरीत असताना एकदा दुसऱ्या तालुक्यात होतो. तिथल्या पोलिसांनी पंच म्हणून बोलावले. सरकारी नोकर, त्यात मास्तर, म्हणजे पंच म्हणून बरा. चोरीला गेलेली पाण्याची मोटार सापडली होती. मी गेलो तेव्हा मोटार ठाण्याच्या व्हरांड्यात होती आणि पंचनामा लिहून तयार होता. "गुरुजी, इथं सही करा." मी चष्मा लावून वाचायला बसलो. त्यात लिहिले होते की आरोपीने पंचांसमक्ष ओढ्याकाठच्या झुडपातून मोटार काढून दिली. मी म्हटले, "जमादार, मी तर ओढा पाहिला नाही." जमादार म्हणाले, "तुम्ही तर आमचीच परीक्षा घ्यायला लागलात." मी म्हटले, "व्हरांड्यात पाहिली असं लिहा, आत्ता सही करतो." तसे त्यांना चालणार नव्हते. मी नमस्कार करून परत आलो. दहा मिनिटांत त्यांना दुसरे दोन पंच मिळाले. कोपऱ्यात उकिडवा बसलेला एक वडारी पोरगा सगळे बघत होता. त्याचे डोळे मला अजून दिसतात.

त्या एका वाक्याला इतके महत्त्व का, ते मला पुढे एका वकील विद्यार्थ्याने समजावून सांगितले. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा होत नाही. इंग्रजांच्या पुरावा कायद्यात तसे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसेच आहे. कारण उघड आहे, मार देऊन काहीही कबूल करवता येते. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. म्हणून 'आरोपीने काढून दिली' हे पाच-सहा शब्द फार मोलाचे. आणि त्या शब्दांखाली सही असते ती आपल्यासारख्याची, न वाचता केलेली.

दुसरी गोष्ट खास शिक्षकांसाठी. आरोपी अल्पवयीन आहे का हे ठरवताना २०१५ च्या कायद्याप्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचे प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची वगैरे वैद्यकीय तपासणी, आणि तिच्यात दोन-एक वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. आता पालावर जन्मलेल्या पोराचा दाखला कुठून आणायचा? आम्ही जनरल रजिस्टरात १ जून, १ जून अशा तारखा ओळीने टाकत होतो तेव्हा तो एक सरकारी सोपस्कार वाटे. पण ती ओळ म्हणजे त्या मुलाचे वय सांगणारा एकमेव साक्षीदार असू शकते. नोकरीत असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हात जोडून सांगणे आहे, ऊसतोडीला आलेल्या, खाणीवर आलेल्या, माळावर उतरलेल्या पोरांची नावे पटावर घ्या. चार महिने बसली तरी चालतील. ओळ राहील.

मेहुणे विचारतील, "मग काय, सगळ्यांना सोडून द्यायचं?" नाही हो. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती झालीच पाहिजे म्हणूनच तो गुन्हेगार आहे का हे आधी बघायचे. पोलिसांच्या अडचणीही मला ठाऊक आहेत. माणसे कमी, वरून दडपण, बाहेर मोर्चा. 'चोवीस तासांत आरोपी पकडा' ही मागणी आपणच करतो. मग चोवीस तासांत कुणीतरी पकडला जातो. तो कोण असतो, हे आपण विचारत नाही.

म्हणून यापुढे अशी बातमी आली की निदान तीन प्रश्न मनात विचारावेत एवढेच माझे म्हणणे. पकडलेला माणूस आधीच्या कुठल्या पुराव्यावरून सापडला, की तो सापडल्यावर पुरावा जमवला? पाहणाऱ्याने सगळ्यात आधी काय सांगितले होते? आणि तो आपल्या ओळखीतला, आपल्यासारखा दिसणारा असता, तर आपण इतक्या लवकर खात्री धरली असती का? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्याचे उत्तर दुसऱ्याला सांगायचे नसते.

असो. लेख लांबला. नातीने टाईप करायला मदत केली, शेवटी म्हणाली, "आजोबा, ते सहा जण आता काय करत असतील?" मी म्हटले, काम शोधत असतील. चाळिशीच्या आसपास पोचलेल्या माणसाला, सोळा वर्षे कुठे होतास या प्रश्नाचे उत्तर देऊन, काम मिळवायचे आहे. आणि विचारणारा कुणीतरी मनात म्हणणार, पोलिसांनी धरला होता म्हणजे...

पुढच्या खेपेला वहिनींनी सांगितलेला नीरेच्या पुराचा विषय घेईन.